ओसाड वाड्याचा इतिहास शोधताना: शेवटच्या रहिवाशापासून मागे जावे

प्रश्न असा आहे: सातारा जिल्ह्यातील कोरेगाव तालुक्यात, विचारणाऱ्यांच्या आजोळी, गावठाणाच्या कडेला दोन चौकांचा एक पडका वाडा आहे. घडीव दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, दारावर गणेशपट्टी, छपराच्या अर्ध्या भागावर मंगलोरी कौले आणि उरलेला भाग उघडा. गावात कुणी तो पेशवाईतल्या सरदाराचा म्हणतात, कुणी सावकाराचा. १९४८ साली जळाला असेही सांगितले जाते. दाराला कुलूप आहे आणि मालक नेमका कोण, हे कुणालाच धड सांगता येत नाही. या वाड्यात कोण राहत होते, तो केव्हा बांधला आणि का सोडला, हे कसे शोधावे?

जुन्या वाड्यांची मोजणी करणे, त्यांचे नकाशे काढणे आणि त्यांच्या मालकांची कागदपत्रे वाचणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून पहिली सूचना अशी की शोध शेवटाकडून सुरू करावा. बहुतेक जण दारावरच्या कोरीवकामापासून आणि सरदाराच्या दंतकथेपासून सुरुवात करतात, दोनशे वर्षांपूर्वीचे नाव हुडकत बसतात आणि थकून सोडून देतात. त्याऐवजी या घरात सर्वांत शेवटी दिवा कुणी लावला, एवढेच आधी निश्चित करावे. ती व्यक्ती, तिचे वारस, तिची शेतजमीन आणि तिच्या नावाच्या नोंदी हाती आल्या की तिच्या बापाचे नाव मिळते, मग आजाचे, आणि अशी एक-एक पिढी मागे जाता येते. प्रत्येक पायरीला कागदाचा आधार असतो, आणि जिथे कागद संपतो तिथे आपण नेमके कोठवर आलो आहोत हेही कळते.

त्याआधी परवानगीचे बोलू. कुलूप आहे म्हणजे कुलूप लावणारे कुणीतरी आहे. वाडा पडीक दिसला तरी तो बेवारस असतो असे नाही. बहुधा तो दहा-वीस सहहिस्सेदारांचा असतो आणि त्यांतले अर्धे एकमेकांशी बोलत नसतात. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि भाऊबंदांपैकी जे कुणी गावात असतील त्यांना आधी भेटून, काय करायचे आहे ते सांगूनच आत जावे. परवानगीशिवाय आत शिरणे हा गुन्हा ठरू शकतो, शिवाय गावात एकदा ‘गुप्तधन शोधायला आले’ असा बोभाटा झाला की पुढे कुणीही तोंड उघडत नाही. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यावर लगेच आत जाऊ नये. मातीची भिंत पाणी प्यायलेली असते आणि कडीपाटाचे, म्हणजे लाकडी कड्या व फळ्यांचे, छत वरून शाबूत दिसले तरी भिंतीत गेलेली कड्यांची टोके कुजलेली असतात. माघापासून चैत्रापर्यंतचा काळ चांगला. जोडीला एक जण असावा, पायांत बूट असावेत आणि माडीवर चढू नये.

आता कागदांकडे वळू. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, कारण गावठाणाच्या जागेवर शेतसारा आकारला जात नव्हता. आणि याच ठिकाणी पुष्कळांचा शोध अडतो. गावठाणातल्या घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत असते. घरपट्टी कुणाच्या नावाने निघते ते तिथे दिसते, आणि वाड्याचे खण, मजले आणि बांधकामाचा प्रकारही कधीकधी लिहिलेला असतो. गावाचे नगर भूमापन झाले असेल, किंवा २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झाली असेल, तर मिळकत पत्रिकाही मिळेल. मात्र मिळकत पत्रिकेवरचे नाव हे बहुतेक वेळा मोजणीच्या दिवशी जो हजर होता त्याचे असते, इतपत सावधपणे ती वाचावी.

घरपट्टीवरच्या नावाचा उपयोग पुढे शेतजमिनीत होतो. एवढा मोठा वाडा बांधणाऱ्या कुटुंबाची त्याच गावात जमीन असणारच. त्या नावाचा ८अ, म्हणजे खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा, काढावा, त्यावरून सातबारा आणि सातबाऱ्यावर गोलात लिहिलेल्या फेरफार क्रमांकांवरून जुने फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा पहिला कायदा १९०३ चा आहे आणि फेरफारांची मालिका पुष्कळ गावांत त्यानंतरच्या दशकांत सुरू होते. हस्तलिखित फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात, आणि काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले अभिलेख आता महाभूमीच्या संकेतस्थळावरही आहेत.

फेरफार वाचताना मालकीपेक्षा मी एका वेगळ्या गोष्टीकडे आधी पाहतो. वारस नोंदीत प्रत्येक वारसाच्या नावापुढे ‘रा.’ म्हणजे राहणार असे लिहून गावाचे नाव दिलेले आढळते. एका पिढीच्या नोंदीत चारही भाऊ ‘रा. सदर’, म्हणजे याच गावचे रहिवासी, असतात. पुढच्या वारस नोंदीत थोरला ‘रा. सदर’, दुसरा ‘रा. पुणे’, तिसरा ‘रा. मुंबई’ आणि बहिणी आपापल्या सासरच्या गावी. त्यापुढच्या नोंदीत ‘सदर’ हा शब्दच नाही. घर कोणत्या दशकात रिकामे झाले हे या तीन नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की स्पष्ट दिसते, आणि गावातल्या कुणाच्याही आठवणीपेक्षा हा पुरावा भक्कम असतो. त्याचबरोबर नावाआधी ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिले असेल तर ती व्यक्ती एकत्र कुटुंबाची कर्ती होती, ‘अ.पा.क.’ असेल तर वारस अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता आणि कुणीतरी पालनकर्ता कारभार पाहत होता. एखाद्या पिढीत कर्ता पुरुष तरुणपणी गेला आणि विधवा व अज्ञान मुले मागे राहिली, हे त्या दोन-तीन अक्षरांवरून कळते; आणि बहुतेक वाड्यांची उतरण अशाच एखाद्या पिढीपासून सुरू झालेली मी पाहिली आहे.

इतर हक्कांचा रकाना तितकाच बोलका असतो. तिथे कुळांची नावे असतील, १ एप्रिल १९५७ म्हणजे कृषक दिनाचा (कुळे जमिनीची मालक मानली गेली तो दिवस) उल्लेख असेल आणि कुळकायद्याच्या ‘३२ ग’ कलमाप्रमाणे किंमत ठरून जमीन कुळाच्या नावे झाल्याचे फेरफार असतील, तर या घराचे उत्पन्न खंडावर चालत होते आणि ते त्या काळात आटले, असे समजावे. वतनाची घरे याआधीच हलू लागलेली होती. परगणा व कुलकर्णी वतने १ मे १९५१ पासून नष्ट झाली, जातइनामे (व्यक्तीला दिलेली इनामे) १९५३ साली गेली आणि मुलकी पाटीलकीचे वंशपरंपरा पद १९६३ च्या आरंभी संपले. दोन चौक, पंचवीस-तीस माणसे, गडी, जनावरे आणि दरवर्षीची डागडुजी यांचा खर्च ज्या उत्पन्नावर चालत होता ते उत्पन्न दहा-बारा वर्षांत नाहीसे झाल्यावर वाडा उभा ठेवणे अवघड होते. जमीन कसणाऱ्याच्या नावावर होणे न्याय्यच होते, आणि ज्या कायद्याने एका घरातला वाडा ओस पडला त्याच कायद्याने शेजारच्या चार घरांवर पहिल्यांदा कौले चढली. गावाचा इतिहास लिहिताना या दोन्ही गोष्टी एकाच पानावर याव्यात असे मला मनापासून वाटते.

पण घाईने याच निष्कर्षावर येऊ नये. देशावर वाडे ओस पडण्याचे सर्वांत सामान्य कारण फार साधे आहे: कुटुंब दूर गेलेलेच नसते. विहिरीवर विजेचा पंप बसला, ऊस आला, राखण आणि पाणी धरणे यांसाठी एक भाऊ मळ्यात राहू लागला, मग दुसरा, आणि वीस वर्षांत सगळे कुटुंब वस्तीवर गेले. त्याआधी प्लेगच्या साथींत, १८९६ पासून पुढे कित्येक वर्षे, गावेच्या गावे रानात झोपड्या घालून राहत होती आणि काही घरे परत गावठाणात आलीच नाहीत. तेव्हा आपल्या वाड्याचे वारस पुण्या-मुंबईत शोधण्यापूर्वी दोन-तीन किलोमीटरवरच्या मळ्यांत त्या आडनावाची वस्ती आहे का, हे पाहावे. पाटण-कराड भागातल्या वाड्यांच्या बाबतीत ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही विचारात घ्यावा लागतो. तडकलेली माडी लोकांनी उतरवली आणि खालचा मजला कसाबसा झाकून वापरला. आपला वाडा त्या पट्ट्याच्या बराच पूर्वेला असला तरी माडी उतरवल्याच्या खुणा, म्हणजे कुठेच न जाणारा जिना आणि भिंतीच्या माथ्यावर नुसत्याच राहिलेल्या कड्यांच्या खोबणी, दिसतात का ते पाहावे.

वास्तूकडून काय कळते? घर केव्हा बांधले, या प्रश्नाला वास्तू सहसा एक उत्तर देत नाही, कारण असा वाडा एकदाच बांधला जात नाही. पुढचा चौक आजाने, मागचा नातवाने, माजघराची भिंत एका पावसाळ्यात पडली म्हणून पुन्हा, छप्पर तीनदा बदललेले. म्हणून प्रत्येक भागाला वेगळा प्रश्न विचारावा: हा भाग कोणत्या काळाच्या आधीचा असूच शकत नाही?

छपरापासून सुरुवात करावी, कारण त्यावर लिहिलेले असते. खाली पडलेले एखादे मंगलोरी कौल उलटे करून पाहावे. पाठीवर कारखान्याचे नाव आणि काही वेळा वर्ष दाबलेले असते. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू केला, तेव्हा त्या पद्धतीचे कौल त्याआधीचे असू शकत नाही. पण कौलावर वर्ष दिसले म्हणून हर्ष करू नये, कारण काही कारखाने स्थापनेचे वर्षच व्यापारचिन्हासारखे दशकानुदशके छापत राहिले. शिवाय कौलाने कळते ते फक्त छपराचे वय. देशावर हा माल रेल्वेमुळे सुलभ झाला, आणि पुणे-मिरज मार्ग १८८० च्या दशकात कोरेगाव-रहिमतपूर भागातून गेला, हे लक्षात घेतल्यास आपल्या वाड्यावर ही कौले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किंवा त्यानंतर चढली असावीत. त्याआधी तिथे धाबे, म्हणजे कड्यांवर किलचे (लाकडाच्या अरुंद पट्ट्या) व पाला आणि त्यावर खाऱ्या मातीचा थर असलेले सपाट छप्पर होते का, ते भिंतीच्या माथ्यावरून ओळखता येते. धाब्याच्या भिंतीचा माथा सर्व बाजूंनी एका पातळीत असतो. कौलारू उतारासाठी नंतर चढवलेला त्रिकोणी भाग वेगळ्या मातीचा किंवा विटांचा दिसतो आणि दोहोंमधली रेघ गिलाव्याखालीही उमटते.

लोखंड हा दुसरा साक्षीदार. ओसरीवर किंवा नहाणीवर लोखंडी तुळई असेल तर तिच्या उभ्या पोटावरचा गंज ब्रशने हळूच झाडावा. उठावाची अक्षरे सापडतात. डॉर्मन लाँग या इंग्रज कंपनीचे नाव असेल तर माल विलायती. टाटांचे नाव असेल तर ती तुळई १९१२ नंतरची, कारण त्यांच्या साकचीच्या कारखान्यात पोलाद त्या वर्षी पहिल्यांदा निघाले. दाराचे खिळे पाहावेत: लोहाराने ठोकून केलेला खिळा चौकोनी, टोकाकडे निमुळता आणि प्रत्येक थोडा वेगळा असतो, कारखान्याचा तारेचा खिळा गोल आणि एकसारखा असतो. सिमेंटचा गिलावा दिसला तर तो विसाव्या शतकातला, आणि खेड्यात बहुधा त्या शतकाच्या उत्तरार्धातला. जिथे जमीन शहाबादी फरशीची असेल तिथे तीही रेल्वेनेच आणलेली समजावी.

लाकूड मात्र फसवते, आणि याकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. सोप्यातल्या, म्हणजे चौकाकडच्या उघड्या ओसरीतल्या, खांबांवरच्या तुळईला खालून टॉर्च लावून पाहावे. कडा कापलेली चौकोनी भोके, ज्यांत आज काहीच बसलेले नाही आणि जी आजच्या कोणत्याही कडीच्या समोर येत नाहीत, अशी दिसली तर ती तुळई दुसऱ्या एखाद्या इमारतीतून काढून आणलेली आहे. सागवान महाग होते. १८१८ नंतर ज्यांचे दिवस फिरले त्यांचे वाडे उतरवून लाकूड विकले गेले, आणि ते दुसऱ्या गावात, दुसऱ्या घरात चढले. म्हणून पेशवाई वळणाचे केळफुली कोरीवकाम असलेले खांब असले तरी वाडा पेशवाईतला ठरत नाही. खांब, गणेशपट्टी आणि दाराची चौकट भिंतीशी नीट जुळतात का, चौकटीच्या बाजूला भर घालून जागा बुजवली आहे का, हे आधी तपासावे. सुताराने जोडणीसाठी लाकडांवर कोरलेले अंक किंवा रेघांच्या खुणा क्रमाने लागत असतील तर तो सांगाडा त्या जागेसाठीच घडवलेला आहे.

भिंतीतही असाच एक चकवा आहे. पांढरी माती जुन्या वस्तीच्या टेकाडातून खणून आणलेली असते, त्यामुळे तिच्यात शेकडो वर्षांपूर्वीची खापरे, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, मणी मिळतात. ती खापरे त्या टेकाडाचे वय सांगतात, वाड्याचे नव्हे.

आगीबद्दल आपण विचारले आहे, आणि त्याची शहानिशा वास्तूवरूनच करता येईल. स्वयंपाकघरातला काळपटपणा हा धुराचा असतो. तो तेलकट, गुळगुळीत, एका खोलीपुरता आणि चुलीच्या बाजूला दाट असतो. जळालेल्या लाकडाचा पृष्ठभाग भेगाळून त्याचे लहान-लहान चौकोनी कोळसे झालेले दिसतात, बोटाने चुरतात आणि खाली लाकडाची जाडी कमी झालेली असते. मोठ्या आगीत मातीची भिंतही भाजते, आणि छताच्या पातळीला लालसर पट्टा येतो. हा पट्टा एकाहून अधिक खोल्यांत सलग असेल, आणि छपराचा उघडा भाग त्याच बाजूला असेल, तर आग लागली होती असे मानायला आधार आहे. तसे काही न आढळल्यास छप्पर वाळवीने आणि पावसाने गेले, हे अधिक संभवनीय.

आग १९४८ चीच होती का, हा वेगळा प्रश्न, आणि तो फार जपून विचारावा. गांधीजींच्या हत्येनंतर फेब्रुवारी १९४८ मध्ये सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मण कुटुंबांची घरे जाळली गेली, हे खरे आहे, आणि त्यानंतर अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. पण आज कुठलाही जळका वाडा दिसला की त्याच्यावर ते वर्ष चिकटवले जाते. आधी फेरफारांतली ‘रा.’ची नोंद त्या वर्षाच्या आसपास बदलते का ते पाहावे, मगच माणसांशी बोलावे. बोलताना कुणी केले, असे विचारू नये. तुमचे घर तेव्हा कुठे होते, तुम्ही काय पाहिले, असे विचारावे. जे सांगितले जाईल त्यातली जिवंत माणसांची नावे लिहून ठेवण्याचा किंवा पसरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

माणसांकडून माहिती घेताना सर्वसाधारण पद्धत अशी की पारावरच्या म्हाताऱ्या पुरुषांना विचारतात. ते कोर्टकज्जे, वाटण्या आणि मोठ्या लोकांच्या भेटी सांगतात. घर कसे चालले हे मात्र बायकांना माहीत असते. त्या घरातली लग्न होऊन गेलेली एखादी लेक, आता पंच्याऐंशी वर्षांची, जवळच्याच तालुक्यात हयात असण्याची शक्यता चांगली असते, आणि माझ्या मते या सगळ्या शोधातली सर्वांत मोलाची भेट तीच. वाड्याचा साधा नकाशा काढून तिच्यासमोर ठेवावा आणि एकेका खोलीवर बोट ठेवून विचारावे: इथे कोण झोपत होते, बाळंतिणीची खोली कोणती, बळदात कोणते धान्य भरत, मागच्या दाराने कोण ये-जा करत असे, हे दार कुणी बुजवले? दोन भावांची चूल वेगळी झाली त्या वर्षी चौकात आडभिंत आली, ही गोष्ट कोणत्याही दप्तरात नसते. ती अशाच सांगण्यातून मिळते.

त्याचप्रमाणे त्या घराशी बलुत्याने बांधलेल्या घरांकडेही जावे: सुतार, लोहार, न्हावी, परीट, मातंग आणि पूर्वीच्या महारवाड्यातली घरे. वाड्याच्या पडवीपर्यंतच ज्यांना प्रवेश होता त्यांची त्या घराची आठवण वेगळी असते, आणि ती न ऐकता लिहिलेला इतिहास अर्धाच राहतो. दगड कोणत्या खाणीतून आला, पाथरवट कुठले होते, माती कुणाच्या डोक्यावरून वाहिली गेली, हे मालकाच्या वंशजांना बहुधा माहीत नसते.

गावच्या यात्रेला अवश्य हजर राहावे. पालखी कोणत्या दारापुढे थांबते, होळीची पहिली पोळी कुणाची, पोळ्याला मानाचा बैल कोणत्या घराचा, हे मान वतनाशी जोडलेले होते आणि वतन गेल्यावरही टिकून आहेत. ओस वाड्यापुढे पालखी आजही टेकवली जात असेल तर ते पाटील, देशमुख किंवा इनामदार यांपैकी कुणाचे तरी घर असण्याची शक्यता मोठी. पालखी तिथे थांबत नसेल तर सावकाराच्या दाव्याकडे अधिक लक्ष द्यावे. त्या दृष्टीने बाहेरून उघडणारी बैठकीची खोली, खालच्या मजल्याला अगदी लहान व उंचावर असलेल्या खिडक्या आणि घराच्या मानाने फार मोठी बळदे पाहावीत. १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा कायदा पुणे, अहमदनगर आणि सोलापूरबरोबर सातारा जिल्ह्यालाही लागू होता, आणि त्यानंतर शेतकऱ्यांच्या कर्जरोख्यांच्या नोंदणीवर कडक नियम आले. त्यामुळे सावकारी घराण्याचे नाव नोंदणीच्या जुन्या दप्तरांत वारंवार येते. दुय्यम निबंधक कार्यालयात सूची क्रमांक २, म्हणजे नोंदलेल्या दस्तांची सूची, हिचा शोध घेण्यासाठी अर्ज व फी भरावी लागते. शंभर रुपयांच्या आतले व्यवहार आणि तोंडी वाटण्या तिथे सापडणार नाहीत.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, आणि शाळेचे जनरल रजिस्टर पाहावे. कोतवाल बुकातल्या जुन्या नोंदी मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दप्तरे मोठ्या प्रमाणावर उघडली गेली, तपासली गेली आणि स्कॅन झाली, त्यामुळे आज ती पूर्वीपेक्षा सहज पाहायला मिळतात. एकाच आठवड्यात एका घरातले तीन-चार मृत्यू दिसले तर वर्ष पाहावे; ते १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचे किंवा प्लेगचे असण्याचा संभव असतो.

या मार्गाने आपण साधारण १९०० पर्यंत पोहोचाल. त्यामागे जाण्यासाठी दोन वाटा आहेत. पहिली, वंशावळीची: नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव आणि आडनाव सांगितले की घराण्याची नामावळी निघते, आणि दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक पिढ्यान्‌पिढ्यांच्या वंशावळी सांगत घरोघर येतात. या वंशावळींत नावांचा क्रम चांगला असतो, वर्षांवर मात्र भिस्त ठेवू नये. दुसरी वाट पुण्याच्या पुराभिलेखागाराची, जिथे पेशवे दफ्तर आहे. तिथे ‘अमुक गावचा वाडा’ असे शोधून काही मिळत नाही. गावाचे नाव, तेव्हाचा परगणा आणि घराण्याचे आडनाव व वतन ही तिन्ही हाताशी असतील तरच प्रांत अजमासाच्या (प्रांतांच्या महसुली हिशेबांच्या) किंवा इनामांच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, शिरावे. घराण्याकडे इनाम असेल तर १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनपुढे त्यांना कैफियत द्यावी लागली असणार, आणि अशा कैफियतीत मूळ पुरुषापासूनची हकीकत, सनदांच्या नकला आणि वंशावळ एकत्र मिळते. सातारचे राज्य १८४८ साली खालसा झाल्यामुळे आपल्या भागातल्या इनामांची चौकशी त्यानंतरची. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड १८८५ चा आहे. त्यात गावाचा उल्लेख असेल तर वाचावा, पण एखाद्या खासगी वाड्याची माहिती त्यात मिळेल अशी अपेक्षा नको.

कालगणनेबद्दल थोडेसे. तुळशी वृंदावनावर, विहिरीवर किंवा चौकटीवर शके लिहिलेले सापडले तर ७८ मिळवून इसवी सन येतो, आणि तिथी जानेवारी-मार्चमधली असेल तर ७९. संवत्सराचे नाव दिले असल्यास पडताळा घ्यावा: शकात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी म्हणजे प्रभवापासूनचा संवत्सराचा क्रमांक. उदाहरणार्थ, शके १७०७ ला बाकी ३९ येते, आणि एकोणचाळिसावा संवत्सर विश्वावसु. दगडावर तेच नाव असेल तर वाचन बरोबर आहे. मोडी कागदांत मात्र सुहूर सन ही जुनी कालगणना अरबी संख्याशब्दांत येते. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७७, आणि त्यात ५९९ मिळवून १७७६ साली मृगाला सुरू झालेले वर्ष. वृंदावनावरचे वर्ष हे वृंदावनाचेच असते. वाडा त्याआधीचा किंवा नंतरचाही असू शकतो.

वाड्यात कागद सापडले तर ते बाहेर नेऊ नयेत. कुलकर्णी वतन असलेल्या घरांत गावचे दप्तरच राहत असे, त्यामुळे कोनाड्यात किंवा माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागद मिळणे नवलाचे नाही. ओलसर रुमाल जागेवर उघडू नये, पाने ओढून वेगळी करू नयेत, उन्हात वाळवू नयेत. आहे त्या क्रमाने फोटो घ्यावेत, रुमालावरचे बांधणीचे कापड आणि वरची चिठ्ठी यांचाही फोटो घ्यावा आणि मालकांच्या संमतीने पुराभिलेख खात्याशी संपर्क साधावा. जमिनीत खणण्याचा मोह कुणालाही होऊ देऊ नये. माजघरात खणून ठेवलेले खड्डे मी अनेक वाड्यांत पाहिले आहेत. लोकांनी धनाच्या आशेने जे फोडले ते धान्याचे पेव होते, आणि त्यामुळे शेजारची भिंत खचली. दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते, असा १८७८ चा कायदा आहे.

आपल्या वर्णनावरून माझा आजचा कयास एवढाच: दोन चौक आहेत, पण देवडी, नगारखाना किंवा पागेचा उल्लेख आपण केलेला नाही, त्यामुळे सरदाराच्या दाव्याला मी फारसे वजन देत नाही. गावच्या वतनदाराचे किंवा सावकारीने वर आलेल्या कुटुंबाचे घर, जुने लाकूड घालून टप्प्याटप्प्याने वाढवलेले, आणि कौले विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या अलीकडे-पलीकडे चढवलेली, असे ते असावे. कागद याच्या विरुद्ध गेले तर कागदच खरे मानावेत. पुढच्या वेळी गावी गेल्यावर नमुना ८ चा उतारा, त्यावरच्या नावाचे सर्वांत जुने तीन वारस फेरफार, एका कौलाच्या पाठीचा आणि सोप्यातल्या तुळईच्या खालच्या बाजूचा फोटो एवढे मिळवून पाठवावे. फेरफारांतल्या ‘रा.’पुढच्या गावांची नावे स्वतंत्र कागदावर, वर्षांसह, क्रमाने लिहून काढावीत. मग कोणाला भेटायला कोठे जावे, हे ठरवता येईल.